स्वतंत्र विहीर

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते तेव्हा आण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला किकवीच्या फाट्यावर एसटीत बसवलं. साल एक्क्याण्णव. मी एकोणीस वर्षांची. पुण्यात एका दवाखान्यात शिकाऊ नर्स म्हणून लागले होते. सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आईनं बांधून दिलेलं पावट्याच्या शेंगांचं बोचकं. सगळं घर फाट्यापर्यंत आलं होतं. आई, धाकटा भाऊ दिलीप, शेजारची चाची. फक्त हमीदचाचा आले नव्हते, आणि मी त्यावरून तोंड फुगवून उभी होते.

हमीदचाचा म्हणजे आमचे बांधाचे शेजारी. गाव त्यांना मुलाणी म्हणायचं, आम्ही भावंडं चाचा म्हणायचो. नर्सिंगचा फॉर्म भोरला जाऊन त्यांनीच आणला होता, आणि पोरीला एवढ्या लांब धाडायचं का म्हणून आई रडत बसली तेव्हा तिची समजूतही त्यांनीच घातली होती. असा माणूस ऐन निघायच्या दिवशी येत नाही म्हणजे काय? मी आण्णांना तसं म्हटलं, तर ते माझ्यावरच खेकसले.

“अगं येडे, आज पाळी आपली हाय. त्यो बी हितं आला तर आपलं दारं कोण धरील?”

ज्यांनी रान पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत राहणं. एक वाफा भरला की माती ओढून तो बंद करायचा, पुढचा फोडायचा. माणूस तिथून हलला की पाणी वाट फुटेल तिकडं जातं. आण्णा मला पोचवायला आले म्हणून आमच्या कांद्याला चाचा पाणी देत होते. एसटी हलली तेव्हा आण्णा खिडकीशी येऊन म्हणाले, “हितली काळजी करू नगंस. पाण्यावर हमीद हाय.” मला तेव्हा ते काही फार मोठं वाटलं नाही. मी शिरवळकडून येणाऱ्या त्या गाडीच्या वासानंच बेजार झाले होते.

हे मी कुणाला सांगतेय? गावात राहिलात त्या तुम्हाला, आणि माझ्यासारखे पुणं, ठाणं, मस्कत गाठून बसलात त्या तुम्हालाही. आणि रागानं सांगतेय, हे आधीच सांगून ठेवते. गावच्या गोड आठवणी ऐकायच्या असतील तर दुसरं दार बघा.

आधी विहिरीचं सांगते. मी सहा-सात वर्षांची असेन. तोवर दोन्ही घरांची रानं जिरायत, पाऊस देईल तेवढीच बाजरी आणि मटकी. दोघांनी मिळून पाणाड्या आणला. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला तो नेमका आमच्या हद्दीत, चाच्यांच्या बांधापासून दहा पावलं आत. आण्णांचा चेहरा पडला म्हणे. चाचा म्हणाले, “दहा पावलं तिकडं सरकलं तर सरकलं. खांदायला सुरुवात कर.” दोन उन्हाळे दोन्ही घरं त्या खड्ड्यात राबली. आई आणि चाची डोक्यावरून मुरमाच्या पाट्या वाहायच्या, आणि वर आल्या की एकमेकींच्या मानेला तेल लावायच्या. पाणी लागलं त्या दिवशी आण्णांनी नारळ फोडला, चाच्यांनी फातिहा पढला, आणि आम्ही पोरांनी खोबरं आणि मलिदा दोन्ही हाणलं.

तिथंच काठावर ठरलं. तीन दिवस पाणी आमचं, तीन दिवस त्यांचं, आणि सातवा, किकवीच्या बाजाराचा दिवस, विहिरीचा. त्या दिवशी कुणीही मोटार चालवायची नाही. झऱ्यांना दम खाऊ द्यायचा. भर उन्हाळ्यात पिकं माना टाकायची तरी तो दिवस कुणी मोडला नाही. कुणीतरी शहाण्यानं सुचवलंही होतं की बाबांनो, विहीर एकाच्या हद्दीत आहे, एक कागद करून ठेवा. आण्णा म्हणाले, “कागद कशाला? आमी दोघं काय मेलोय व्हय?”

मेले की. एक तर मेले.

पुण्यात मी रुळले. खोटं कशाला बोलू, लवकर रुळले. होस्टेल, ड्यूटी, शिफ्ट, सिस्टरची बोलणी, मग नोकरी पक्की, मग लग्न. आमचे हे कंपनीत स्टोअरला. धनकवडीत फ्लॅट घेतला तेव्हा चार भिंती आपल्या झाल्या म्हणून मी पेढे वाटले. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात जमीन वीतभर उंच आहे, गोल, वर फरशा बसवलेल्या. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, “विहीर होती मॅडम. बिल्डरनं स्लॅब टाकला.” मी म्हटलं, “असं का,” आणि यांची स्कूटर त्या ओट्यावर चढवून लावली. सोसायटीला पाणी कमी पडलं की टँकर मागवायचो आणि टँकरवाल्यालाच शिव्या द्यायचो.

आण्णा नव्याण्णव साली गेले. दिवसकार्य झालं आणि दोन महिन्यांत दिलीप साडी घेऊन धनकवडीला आला. काठापदराची, चांगली होती. आमच्याकडं रीतच आहे ती. बाप गेला की बहिणीनं हक्क सोडायचा. भाऊ साडी नेसवतो, बहीण कचेरीत जाऊन सही करते, आणि तिचं माहेर शाबूत राहतं. दिवाळीचे दोन दिवस, उन्हाळ्यात आंबे, पोरांना मामाचं गाव. जी वाटा मागते तिच्या नावानं सारं गाव बोटं मोडतं. आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, “रानात काय ठिवलंय बाई तुझं? भाऊ राखला तर वाट राहती.”

मला कुणी जबरदस्ती केली नाही. उलट मी तोऱ्यात गेले. माझा हिशोब असा, की तुकडे पडले की एखाद्या तुकड्यावर कुणाचा तरी नवरा डोळा ठेवणार आणि रान विकलं जाणार. एकाच्या नावावर राहिलं तर टिकेल. म्हणजे आण्णांचं रान राखायचं तर माझं नाव काढायचं! कारकुनानं विचारलं, “खुशीनं सोडताय ना?” मी मोठ्यांदा म्हटलं, “खुशीनं.” दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर बायकांमध्ये मिरवलं, की आमच्यात नाही बाई भावांकडून काही घ्यायची पद्धत. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एक गोष्ट मात्र म्हणाले होते, तीही कचेरीच्या पायऱ्या उतरल्यावर, सही वाळल्यावर. “दिलीप, चाच्यांच्या पाण्याचं कुठंतरी लिहून ठेव.”

“लिवायचं काय त्यात आक्का? साऱ्या गावाला ठावं हाय.”

मलाही पटलं. आम्ही उसाचा रस प्यालो आणि मी भोरवरूनच पुण्याची गाडी धरली.

मग हायवे चौपदरी झाला. आई त्याच सुमारास गेली. दर दिवाळीला जावं तर किकवीपासून कात्रजपर्यंत नवनव्या पाट्या. हॉटेल, ढाबा, एनए प्लॉट, फार्महाऊस, “निसर्गाच्या कुशीत”. कालपर्यंत टेम्पोवर हमाली करणारा गडी आज दोन मोबाईल घेऊन चहाच्या टपरीवर बसलेला, आणि सगळे त्याला शेठ म्हणतायत. मी पुण्याला आले होते, आणि पुणं माझ्या मागोमाग उलट्या वाटेनं गावाला चाललं होतं. एसटीच्या खिडकीतून हे सगळं पाहत मी मनात म्हणायचे, विकतायत लोक, विकोत. आपलं रान आहे.

दोन हजार सहा सालचा उन्हाळा. दवाखान्यात चहाच्या वेळी पेपर उघडला, छोट्या जाहिराती. “किकवीजवळ, हायवेपासून पाच मिनिटं, अडीच एकर बागायत, स्वतंत्र विहीर, बारमाही पाणी. फार्महाऊससाठी उत्तम.” खाली नंबर दिलीपचा.

सगळं वाचलं आणि पुन्हा त्या एका शब्दाशी आले. स्वतंत्र. रान विकतोय याचा राग मागाहून आला. आधी डोकं फिरलं ते या शब्दानं. जिच्या पाट्यांचे वळ चाचीच्या मानेवर अजून असतील, ती विहीर स्वतंत्र कधी झाली?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहिल्या एसटीनं गेले. चप्पलही न काढता ओसरीवर उभी राहिले. राग आला की माझी पुण्याची भाषा सुटते.

“स्वतंत्र? कवापास्नं रे?”

दिलीप दाढी करत होता. आरसा खाली ठेवून म्हणाला, “एजंटनं सांगितलं तसं लिवलं. अर्धं पाणी म्हणलं की गिऱ्हाईक पळतंय.”

“आणि चाचा?”

“त्यांनी बोअर घ्यावं. त्यांची पोरं तर गॅरेजला जात्यात हायवेवर. आन् हे बघ, आज साहेब येणार हायेत रान बघाया. तू मधी बोलू नगंस.”

मी म्हटलं, अरे विक की! जमीन तुझी आहे, मीच दिलीय तुला. पण जे तुझं नाही ते कसं विकतोस? त्यावर तो जे बोलला ते मी इथं जसंच्या तसं लिहिते, कारण ते खोटं नव्हतं.

“तू गेलीस तवा आण्णांनी तुला एसटीत बसवलं. सारं घर फाट्यावर आलं. मला कुणी बसवलं? पंधरा वर्सं म्या दारं धरतोय. लाईट देतील तवा उठायचं. पोराला उद्या बायकू कोण देणार? तू दिवाळीला येतीस, तांदूळ नेतीस, आन् म्हणतीस रान राख. तुला काय जातंय म्हणाया?”

खरं होतं म्हणून जास्तच संताप आला.

अकराच्या सुमाराला गाडी आली. साहेब, त्यांच्या बाई, आणि पुढं पुढं करणारा एजंट. साहेब कात्रजचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. भला माणूस दिसत होता, ताई-ताई करून बोलत होता. बाई विहिरीत वाकून म्हणाल्या, “इथं वरून ग्रिल टाकू हं, मुलांची भीती नको. आणि या बाजूला लॉन.” त्या दिवशी पाळी चाच्यांची होती. मोटार चालू होती आणि पाणी आमच्या बांधावरून सरळ त्यांच्या मेथीत जात होतं. चाचा त्या टोकाला धोतर खोचून, फावडं घेऊन उभे. साठीच्या पुढचे झाले होते, तरी वाफा फोडताना हात तसाच सफाईनं चालत होता.

साहेबांनी विचारलं, “हे पाणी तिकडं कुठं चाललंय?”

एजंट म्हणाला, “शेजारी हायेत. सध्या वापरत्यात. बंद करून देऊ आपण.”

“बंद करून देणारा तू कोण रे?” मी पुढं झाले. सगळं सांगितलं. पाणाड्या, दोन उन्हाळे, तीन दिवस आणि तीन दिवस. माझा आवाज चढला होता. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, तुमची तळमळ कळते मला. पण कागदावर यातलं काही आहे का?”

“कागदावर नाही. मी आहे ना सांगायला. मी या घरची मुलगी आहे.”

त्यांनी फाईल उघडली. माझ्या हक्कसोडपत्राची झेरॉक्स वरतीच होती. त्यावर माझी सही, नर्सिंगच्या फॉर्मवर केली होती तशी, ठसठशीत. “तुम्ही तर तुमचा हक्क सोडलाय,” ते म्हणाले. टोचून नाही, अगदी सहज म्हणाले. दिलीप दुसरीकडं बघत होता.

मी चाच्यांना हाक मारली. ते आले, पण फावडं हातातच. म्हटलं, “चाचा, सांगा यांना.” त्यांनी माझ्याकडं बघितलं, दिलीपकडं बघितलं. त्याला त्यांनी कडेवर खेळवलेलं.

“सायेब, कागद न्हाई. शब्द व्हता. देणारा गेला,” एवढंच बोलले. मग मागं वळून बघितलं आणि घाईनं निघाले. “वाफा भरला आसंल, पाणी वाया चाललंय.”

मी हार मानायची नाही म्हणून गावात फिरले. “साऱ्या गावाला ठावं हाय” म्हणाला होता ना भाऊ? मग म्हटलं साऱ्या गावानं लिहून द्यावं. तीन ओळींचा मजकूर मी वहीच्या पानावर लिहिला, की या विहिरीत अर्धं पाणी मुलाण्यांचं आहे हे आम्हाला माहीत आहे. दारोदार गेले. चहा सगळ्यांनी पाजला. सही एकानंही केली नाही. ज्या म्हाताऱ्यानं पाणी लागलं त्या दिवशी मलिदा खाल्ला होता, तो म्हणाला, “खरं हाय आक्का तुमचं. पर आमच्या बी रानाला गिऱ्हाईक बघतोय. वस्तीतल्या विहिरी भानगडीच्या हायेत आसं पसरलं तर आमाला कोण इचारील?” दुसऱ्यानं चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं. चष्मा कपाळावर होता!

म्हणून म्हटलं, हे तुम्हालाच सांगतेय. तुम्ही सगळ्यांनी ते पाणी वाहताना बघितलं होतं. वारस, पाव्हणे, भावकी, कुणाच्याही भांडणात तुम्ही दिवस-दिवस साक्षी द्यायला बसता. त्या दिवशी तुमच्या जिभेला काय झालं होतं? आणि माझ्यासारख्या ज्या बाहेर गेलात, तुमच्यातल्या कितीजणींनी खुशीनं, मोठ्या तोऱ्यात सही करून आपलं तोंड आपल्याच हातानं बंद करून घेतलंय? वाटा घ्यायचा नव्हता तर नव्हता. पण नाव राहू दिलं असतं तर खरेदीखतावर माझी सही लागली असती. मी ती दिली नसती, निदान चाच्यांचं पाणी लिहून घेतल्याशिवाय दिली नसती. राखायला म्हणून सोडलं आणि सोडलं म्हणूनच गेलं.

महिन्याभरात खरेदी झाली. विहिरीभोवती तारेचं कंपाऊंड पडलं. चाच्यांचा पाईप कापून गुंडाळी करून त्यांच्या बांधावर ठेवला होता, फेकला नव्हता, एवढी माणुसकी. चाच्यांनी बोअर घेतलं तर नुसता धुरळा निघाला. तीस वर्षांची बागायत दोन उन्हाळ्यांत पुन्हा जिरायत झाली. तिकडं लॉन हिरवंगार. माळी सातही दिवस मोटार चालवतो, बाजाराच्या दिवशीसुद्धा. चाच्यांना रानाचं दुःख आहेच, पण ते बोलतात या सातव्या दिवसाबद्दल. “आटंल ती. दम खाऊ देत न्हाईत तिला,” म्हणतात. तिच्या पाण्याचा एक थेंब मिळत नाही आणि काळजी तिची!

दिलीपनं स्लॅबचं घर बांधलं, सीटा भरून पळवायला वडापची जीप घेतली. त्या दिवाळीला त्यानं पोराबरोबर साडी पाठवली. मी ती परत पाठवली. तो वाईट नाही. पण ती साडी अंगाला लावायची माझी छाती झाली नाही. माहेर शाबूत राहावं म्हणून सही केली होती, आणि आता त्या घरी मी जात नाही.

जाते मी चाचीकडं. वर्षातून दोनदा, दोन दिवस. ती मला न्हाऊ घालते, डोक्याला तेल लावते, निघताना पदरात तांदूळ घालते, जशी आई घालायची. ते तांदूळ आता दुकानातून विकत आणलेले असतात, हे ती मला कळू देत नाही.

आमच्या पार्किंगमधल्या ओट्यावर आम्ही स्कूटर लावत नाही आता. यांना कारण सांगितलं तर हसले, पण त्यांनी काढली. मी येता-जाता तिथं थांबते. धनकवडीच्या या विहिरीत अर्धं पाणी कुणाचं होतं? कोण मेथीत उभं राहून ऐकत होतं, जेव्हा माझा बिल्डर इथं फाईल उघडून बसला होता? मी पेढे वाटले तेव्हा हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मग कात्रजच्या त्या साहेबांवर मी कुठल्या तोंडानं चिडायचं? तरी चिडते. स्वतःवरही चिडते.

लोक विचारतात, तुझं घर कुठलं, पुणं की गाव? पूर्वी मी पटकन गाव म्हणायचे. आता म्हणते, मी निघून गेल्यावर माझ्या मागं कुणीतरी आमच्या पाण्यावर थांबलं होतं, तेवढंच माझं घर. आणि ते मी एसटीत बसून, तोंड फुगवून सोडलं होतं.

गेल्या खेपेला परत निघाले तर चाचा माझी पिशवी उचलून बरोबर चालायला लागले. किकवीचा फाटा आता ओळखू येत नाही, पुलाखालून जावं लागतं. ऊन मी मी म्हणत होतं. वाटेत ते दोनदा बसले. मी रागावलेच.

“चाचा, एवढ्या उन्हाचं कशाला आलात? मी काय लहान आहे? त्या वेळी तर आला नव्हतात.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली, टॉवेलनं तोंड पुसलं.

“तवा कसा येणार पोरी? तवा तुमचं दारं धरलं व्हतं,” म्हणाले. “आता येतो की. आता काय काम हाय मला?”

एसटी आली. त्यांनी पिशवी आत सरकवून दिली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.